या आठवड्याचा अभ्यास : मुलं घरी फोन का करत नाहीत?



मागच्या गुरुवारी सत्संगानंतर एक ताई थांबल्या. बारावीची परीक्षा संपली म्हणून त्यांचा मुलगा मित्र-मैत्रिणींबरोबर बेळगावहून गोव्याला गेला होता. तिथे सगळे बियर प्यायले. त्याची मैत्रीण बेशुद्ध पडली, तरी दोन तास कुणी घरी कळवलं नाही. का? ‘बाबा मारतील, आमचं प्रेम आहे हेही कळेल.’ मुलगी वाचली, पण आम्हाला रात्रभर झोप नाही. आपल्या धाकामुळे दारू सुटली नाही, मदत मागणं तेवढं सुटलं!

म्हणून आज जेवताना मुलांशी तीन गोष्टी बोलूया.

१. बेशुद्ध माणसाला उलटी करायला लावू नये, लिंबूपाणी-कॉफी पाजू नये. कुशीवर वळवावं, एकटं सोडू नये, लगेच १०८ ला फोन करावा.

२. १८ वर्षांखालच्यांना दारू देणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शरीरसंबंधाला त्यांची संमती २०१२ चा पोक्सो कायदा मानत नाही. आणि नशेतला होकार कुठल्याच वयात होकार नव्हे. हे मुलग्यांनाही सांगायचं हं!

३. ‘कधीही फोन कर, आम्ही घ्यायला येऊ. त्या रात्री रागावणार नाही, बोलू दुसऱ्या दिवशी.’ हे वचन आई-बाबा दोघांनी द्यायचं, आणि पाळायचं.

या वयात कुणी आवडणं स्वाभाविकच. आपणही त्या वयातून गेलोय ना?

वचन दिलं की ग्रुपवर फक्त ‘दिलं’ लिहा. मुलांची नावं नकोत.