जुळी मुलं: सारखी की वेगळी, हे कसं ठरतं?



वर्गात जुळी भावंडं असली की मुलं विचारतातच, "बाई, हे दोघं सारखेच कसे दिसतात?" गावाकडचं उत्तर ठरलेलं, "आईनं जोडकेळं खाल्लं असेल!" केळ्याचा इथे काहीच संबंध नाही. खरं उत्तर असं:

१) भिन्न जुळी: आईची दोन बीजांडं वेगवेगळ्या दोन शुक्राणूंनी फलित होतात. ही एका वेळी जन्मलेली साधी भावंडंच. मुलगा-मुलगी ही जोडी जवळजवळ नेहमी याच प्रकारची.

२) एकसारखी जुळी: एकच फलित बीजांड दुभंगतं. ते कधी दुभंगतं, यावर पुढचं सगळं ठरतं. साधारणपणे:
• पहिले ३ दिवस: दोन वारा, दोन गर्भपिशव्या.
• ४ ते ८ दिवस: वार एक, पिशव्या दोन.
• ९ ते १२ दिवस: वार एक, पिशवीही एक. नाळा एकमेकींत गुंतण्याचा धोका.
• त्यानंतर: शरीरं जोडलेली, म्हणजे सयामी जुळी.

याहून दुर्मीळ प्रकार २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यात दिसला. सोनोग्राफीत बाळाच्या पोटात गर्भ आढळला. जन्मानंतर बाळावर अमरावतीत शस्त्रक्रिया झाली. एकसारख्या जुळ्यांतला एक गर्भ वाढताना दुसऱ्याच्या शरीरात सामावला जातो, असं यामागचं कारण मानलं जातं.

पालकांनी काय लक्षात ठेवावं?

चेहऱ्यापेक्षा वार महत्त्वाची! वार एकच असेल तर रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. कधी एका बाळाकडे रक्त जास्त जातं, दुसऱ्याकडे कमी, आणि दोन्ही जीव धोक्यात येतात. अशा आईची तपासणी वरचेवर करावी लागते. वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत नीट कळतं, पुढे अवघड होतं. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवरून त्यासाठी जुन्नर, नारायणगाव, मंचर गाठावं लागतं. मग "पुढच्या महिन्यात बघू" होतं. तसं होऊ देऊ नका.

मुलगा की मुलगी, हे विचारणं गुन्हा आहे. पण "डॉक्टर, वार एक आहे की दोन?" हे जरूर विचारा.

दोन वारा आणि दोघंही मुलगे किंवा दोघीही मुली असतील, तर खात्री डीएनए चाचणीनेच होते.

वर्गासाठी उपक्रम: शाईच्या पॅडवर जुळ्यांच्या बोटांचे ठसे घ्या. एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे निघतात. मग दोघांची तुलना करायची का, हे मुलांनाच विचारा!