दिव्याची परीक्षा

विद्यार्थीमित्रांनो, परीक्षा म्हटली कीं तुमच्या पोटांत गोळा उठतो. परंतु परीक्षा केवळ तुम्हांलाच द्यावी लागते असें नाहीं. ज्या दिव्याखालीं तुम्ही अभ्यास करितां त्यालाही ती द्यावी लागते. आणि तो नापास झाला तर त्याचा भुर्दंड तुमच्या वडिलांस विजेच्या बिलांत भरावा लागतो.

जुन्या तारेच्या दिव्यांत टंगस्टनची बारीक तार तापून प्रकाश देत असे; पण खर्चलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेंतच फुकट जाई. एलईडी दिव्यांत अर्धवाहक पदार्थांतून वीज वाहतांना थेट प्रकाश उत्पन्न होतो. निळ्या एलईडीच्या शोधामुळें पांढरा प्रकाश देणारे असे दिवे शक्य झाले. या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. ६० वॅटच्या तारेच्या दिव्याचें काम ९ वॅटचा चांगला एलईडी दिवा सहज करितो. रोज पांच तास लावल्यास पहिला वर्षास सुमारें ११० युनिटें खातो व दुसरा सुमारें १६.

येथें कोणी विचारील, वीज विकणाऱ्या कंपनीनेंच ग्राहकास कमी वीज वापरावयास कां सांगावें? याचें उत्तर सायंकाळच्या वेळेंत आहे. दिवेलागणीस घरोघरीं एकदम दिवे लागतात आणि त्या थोड्या तासांकरितां कंपनीस महाग वीज मिळवावी लागते. ही मागणी उतरली तर सर्वांचेंच हित होतें. म्हणून ५ जानेवारी २०१५ रोजीं देशांत उजाला योजना सुरू झाली व महावितरणच्या ग्राहकांसही स्वस्त एलईडी दिवे मिळूं लागले. महाराष्ट्रांत असे दोन कोटींहून अधिक दिवे वांटले गेले. एकदम मोठी खरेदी केल्यानें एका दिव्याची खरेदी-किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्यें ३८ रुपयांपर्यंत उतरली.

पण दिवा स्वस्त असणें निराळें व चांगला असणें निराळें. म्हणून प्रयोगशाळेंत तो आंतून पांढऱ्या रंगाच्या पोकळ गोलांत ठेवून सर्व दिशांचा प्रकाश मोजतात. हजारों तास जळत ठेवून त्याचें तेज किती उतरतें हेंही पाहतात. गेल्या वर्षीं मीं स्वतः, स्वस्त मिळतात या मोहानें, नांव-खूण नसलेले चार दिवे बाजारांतून आणले. पावसाळा संपण्यापूर्वींच तीन विझले! वांचविलेले पैसे दुप्पट होऊन गेले.

आतां दोन सोपे प्रयोग सांगतों. पहिला प्रकाशाचा. जाड कागदावर तेलाचा एक थेंब पाडा. अंधाऱ्या खोलींत, मेजावर दोन दिवे समोरासमोर ठेवून हा कागद मध्यें उभा धरा व मागेंपुढें सरकवा. दोन्ही बाजूंस प्रकाश सारखा पडला म्हणजे तेलाचा डाग दिसेनासा होतो. नंतर प्रत्येक दिव्याचें कागदापासूनचें अंतर मोजा. समजा, एकाचें ६० व दुसऱ्याचें ४० सेंटिमीटर आहे. अंतरांचे वर्ग ३६०० व १६०० होतात. म्हणजे दूरचा दिवा सव्वादोनपट तेजस्वी. दोन्ही दिव्यांचा रंग व तोंडाची दिशा सारखी असावी. दोहोंवर ९ वॅटच छापलेलें असेल, तर अधिक चांगला कोणता हें तुम्हांस कळेल.

दुसरा प्रयोग पंख्याचा. वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीं घरांतील इतर उपकरणें थोडा वेळ बंद करून एकच पंखा चालू ठेवा. मीटरला हात न लावतां त्यावरील लुकलुकणारा दिवा पाहा. एका युनिटास ३२०० लुकलुक असें मीटरवर छापलें असल्यास, दोन लुकलुकींमधील सेकंदांनीं ११२५ ला भागा. उत्तर वॅटमध्यें येईल. पंधरा सेकंद लागले तर पंखा ७५ वॅटचा, जुन्या पद्धतीचा. साडेसदतीस लागले तर ३० वॅटचा, नव्या पद्धतीचा समजावा.

पालकांस एक विनंति. उपकरणाची परीक्षा झाली तरी आपली राहतेच. तारेचा एक दिवा पांच तासांत ३०० वॅट-तास वीज घेई. आतां दिवे स्वस्त म्हणून ओटीवर, पडवींत व मागील दारीं ९ वॅटचे तीन दिवे अकरा तास रात्रभर जळत ठेविले, तर २९७ वॅट-तास होतात. मग बचत कोठें राहिली? यंत्र कितीही सुधारलें तरी बटणावरचा हात सुधारावयास हवा.

देवानें दिलेल्या देणग्यांचे आपण मालक नसून कारभारी आहों, हें आपण चर्चमध्यें ऐकतों. कारभाऱ्याचें पहिलें काम हिशेब ठेवणें. तेव्हां मुलांनो, येत्या सुटींत गासमधील आपापल्या घरचे दिवे व पंखे मोजा, आंकडे वहींत लिहा, आणि शाळा उघडल्यावर ती वही वर्गांत आणा. ज्याच्या घरचा पंखा नापास ठरेल त्यानें लाजूं नये; मोजलें म्हणूनच तें त्यास कळलें.