तवशाची बी की जंत?

सावंतवाडीच्या आसपास पावसाळ्यात आपला कुत्रा पडवीत निजतो. मांजर चुलीजवळ बसते. पोरे त्यांच्याशी खेळतात. एखाद्या दिवशी आई पोराची शी धुते आणि दचकते. शीत तवशाच्या बीसारखे पांढरे काही तरी वळवळत असते! वाळले की तेच तांदळाच्या दाण्यासारखे दिसते.

ही बी नव्हे. हा चपट्या जंताचा तुकडा आहे. पुरता जंत आतड्याला चिकटून असतो. तो हातभर, कधी त्याहूनही लांब वाढतो. मुळात तो कुत्र्या-मांजरांचा. मग पोराच्या पोटात कसा गेला?

पिसवेमुळे गेला. कुत्र्याच्या शीतून जंताची अंडी जमिनीवर पडतात. पिसवेची अळी धुळीत, फटीत, गोणपाटाखाली राहते. ती ही अंडी खाते. अळीची पिसू होते, तेव्हा जंताचे पिलू तिच्या पोटात असते. कुत्रा खाजेने अंग चावतो आणि ती पिसू गिळतो. कुत्र्याला कवटाळणाऱ्या पोराच्या तोंडातही अशी पिसू जाते. मग तीन-चार आठवड्यांत जंत वाढतो.

पिसू चावून हा जंत होत नाही, बरे का! ती पोटात जावी लागते. एका पोराचा जंत दुसऱ्याला लागत नाही. म्हणून कुत्र्याला हाकलून देऊ नये, असे आम्हांला वाटते. त्या मुक्या जिवाचा काय दोष?

पोराला त्रास थोडाच होतो. बूड खाजते, पोट दुखते, पोर किरकिर करते. कधी काहीच होत नाही. आपण त्याला साधा जंत समजतो आणि तिथेच चुकतो. शाळेत, अंगणवाडीत जंतांसाठी अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती गोल जंतांवर चांगली. या जंतावर तिचा भरवसा नाही. याला प्राझिक्वांटेल लागते. बहुधा एकच मात्रा पुरते, पण ती वजन पाहून डॉक्टरांनीच ठरवावी. तो पांढरा तुकडा डबीत घालून त्यांना दाखवावा. लाजू नये.

त्याच दिवसांत कुत्र्यालाही गुरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. कुत्रा बूड जमिनीवर घासतो का, शेपटीखाली दाणे दिसतात का, ते पाहून सांगावे. नुसते जंताचे औषध देऊन भागत नाही. पिसवा राहिल्या तर महिन्याभरात जंत परत येतो. गोणपाट उकळत्या पाण्यात घालावे, उन्हात वाळवावे. पडवीतल्या फटी झाडाव्यात. पिसवांचे औषध लावावे, पण कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. त्यातली काही औषधे मांजराला विषासारखी बाधतात.