क्लासचा बाँड आणि कोरा चेक

लातूरच्या ट्यूशन एरियात नवी फॅकल्टी आली की आधी बाँड पुढे येतो, मग खडू. माझ्याही पुढे आला. स्टॅम्प पेपर, नोटरीचा गोल शिक्का आणि मधोमध ठळक अक्षरांत कलम: नोकरी सोडल्यावर दोन वर्षं जिल्ह्यात नीट-जेईईचं शिकवायचं नाही, स्वतःचा क्लास काढायचा नाही, नाहीतर पाच लाख भरायचे. सोबत एम.एस्सी.ची मूळ मार्कशीट आणि सही केलेला कोरा चेक. 'फॉर्मॅलिटी आहे सर, सगळेच देतात.'

पुढे पगार रखडायला लागले. बाँडमधली नोकरीची मुदत संपल्यावर रीतसर नोटीस देऊन मी सोडलं. दुसऱ्या क्लासशी बोलणी सुरू झाल्याचा सुगावा लागताच फोन आला, 'बाँड आठवतो ना?' याच धास्तीने बरोबरीच्या एका सरांनी पुण्याला बिऱ्हाड हलवलं होतं. मी वकिलांकडे गेलो. त्यांनी ते ठळक कलम वाचलं, पान उलटलं आणि विचारलं, 'चेक किती दिलेत?'

मेख तिथेच आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २७ सांगतं की कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नावलौकिकासह धंदा विकणाऱ्यासाठी अपवाद आहे, पण पगारी मास्तर काय विकतो? श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानला परसेप्ट डी'मार्क कंपनीने करार संपल्यावरही बांधून ठेवू पाहिलं, तेव्हा २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम लावून कंपनीला नकार दिला.

मात्र मुदतीच्या आत सोडणाऱ्यांनी या निकालावर विसंबू नये. कल्याणजवळच्या सेंच्युरी रेयॉनमधले गोळीकरी नावाचे कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्ध्यावर टाकून कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या मुदतीपुरती त्यांच्यावरची बंदी कायम ठेवली. ऐन डिसेंबरात बॅच वाऱ्यावर सोडून समोरच्या इमारतीत जाणाऱ्या सरांबद्दल मलाही फारशी सहानुभूती नाही. तरी पाच लाख लिहिले म्हणून पाच लाख मिळतातच असं नाही. कलम ७४ प्रमाणे तो आकडा ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई.

चेकचं तसं नाही. त्यावर रक्कम भरून तो बँकेत टाकला आणि वटला नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. कोऱ्या चेकवरची सही आपली असेल, तर देणं नव्हतं हे दाखवण्याचा भार आपल्यावर येतो. नुसत्या 'स्टॉप पेमेंट'ने सुटका होतेच असं नाही. मागणीची नोटीस आली की पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या. खरं तर चेक देऊच नका. अगदीच अडलं तर त्याचा नंबर आणि तो कशापोटी दिला हे बाँडमध्येच लिहून घ्या, बाँडची प्रत घरी ठेवा. मार्कशीटची साक्षांकित प्रत पुरते.

वकिलांच्या पत्रानंतर माझी मार्कशीट लगेच परत आली, चेकला बराच वेळ लागला. विद्यार्थ्यांच्या नंबरांची यादी मी घेतली नाही, तुम्हीही घेऊ नका. तिथल्या नोट्सही तिथेच ठेवल्या. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या नोट्सचा कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. रोटेशनल मोशन सध्या नव्याने लिहितोय.