हेक्टर-आर आणि एकर-गुंठे : टिंबाचा हिशेब



लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की गट ऑफिसात एक वाद ठरलेला. सभासद म्हणतात, "माझं रान तीन एकर अडतीस गुंठे आहे." चिटबॉय म्हणतो, "मामा, उताऱ्यावर एवढं बसत नाही." दोघांच्याही हातात सातबारा एकच असतो. घोटाळा असतो तो बहुतेक वेळा टिंबाचा.

१९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली आणि पुढे सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. बांधावर मात्र आपण अजून एकर-गुंठ्यातच बोलतो. तेव्हा दोन्ही मापे यायलाच हवीत.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आर म्हणजे १० मीटर लांब, १० मीटर रुंद. फुटात सुमारे १,०७६ चौरस फूट. असे १०० आर म्हणजे हेक्टर. म्हणजे गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, आर किंचित लहान. "हेक्टर म्हणजे अडीच एकर" असे आपण म्हणतो ते बोलण्यापुरते ठीक आहे. खरे पाहता हेक्टर म्हणजे २ एकर १९ गुंठेही पुरे भरत नाहीत; अडीच एकराला सुमारे १,२६० चौरस फूट कमी पडतात. खरेदीखताच्या वेळी हे लक्षात ठेवावे.

आता वरच्या मामांचा हिशेब पाहू. उताऱ्यावर क्षेत्र १.३७, म्हणजे १ हेक्टर ३७ आर. कुणीतरी यंत्रावर २.४७१ ने गुणून दिले, उत्तर आले ३.३८५. गुणाकार बरोबर आहे, वाचन चुकले. एकराचे भाग शंभर नसतात, चाळीस असतात. म्हणून टिंबापुढच्या .३८५ ला ४० ने गुणायचे, येतात १५.४. रान झाले ३ एकर साडेपंधरा गुंठ्यांना थोडे कमी. फरक २३ गुंठ्यांचा! एकरी ४० टन उतारा धरला तर गुंठ्याला एक टन पडतो. म्हणजे नसलेला २३ टन ऊस नोंदीत चढला. तोडणीचा अंदाज चुकतो आणि टोळी नि वाहने ठरवताना ओढाताण होते, ती अशाने.

यापेक्षा सोपी रीत अशी. सगळे आर करा (१३७), त्याला ०.९८८ ने गुणा, गुंठे मिळतात (१३५ च्या वर थोडे). त्यातून चाळीस-चाळीस काढत जा. तीन वेळा निघाले, उरले पंधरा. झाले.

उलट करायचे तर २ एकर २५ गुंठे म्हणजे १०५ गुंठे. त्याला १.०१२ ने गुणले की १०६ आर, म्हणजे १ हेक्टर ६ आर. हे १.०६ असे लिहावे. शून्य गाळून १.६ लिहिले की वाचणारा १ हेक्टर ६० आर वाचतो आणि ५४ आर फुकटचे वाढतात.

खताच्या बाबतीतही जपावे. सुरू उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे. सगळे नत्र युरियातून धरले तर हेक्टरी ४५ किलोच्या १२ गोणी, पण एकरी पाचच. हेक्टरचा आकडा एकराला लावणारे आजही भेटतात, आणि वर ऊस लोळला म्हणून वाऱ्याला दोष देतात.

उताऱ्यावर शंका असेल तर टेप घेऊन रान मोजावे. १३२ फूट बाय १६५ फूट तुकडा असेल तर दोन्ही बाजूंना ३३ ने भागा : चार आणि पाच, म्हणजे २० गुंठे. नोंद मात्र प्रत्यक्ष उसाखालच्या क्षेत्राचीच द्यावी. पोटखराबा, विहीर, गोठा त्यातून वगळावा. आणि नोंदीच्या अर्जावर क्षेत्र आकड्याबरोबर अक्षरीही लिहावे : "एक हेक्टर सहा आर".