सांधे शांत, तरी तळपायांची आग

एका वाचक भगिनी विचारतात : आमवात आहे. गोळ्यांनी सांध्यांची सूज उतरली, पण तळपायांची आग नि मुंग्या जात नाहीत. 'ड' जीवनसत्त्व १४ आले. त्यामुळेच का?

रिपोर्टात २० नॅनोग्रॅमच्या खालचा आकडा म्हणजे कमतरता. ती भरून काढायलाच हवी. 'ड' कमी असलेल्या आमवाताच्या रुग्णांत नसांचे दुखणे जास्त आढळल्याचे काही अभ्यास सांगतात. पण यातले कारण कोणते, परिणाम कोणता? दुखण्याने घरात बसलेल्या माणसाला ऊन मिळणार कुठून!

अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत (२०२२) रोज २००० युनिट 'ड' घेणाऱ्यांत आमवातासारखे स्वप्रतिकार आजार २२ टक्क्यांनी कमी उद्भवले. हे झाले आजार टाळण्याचे. जडलेल्या आजारातली आग शमण्याचा हा पुरावा नव्हे.

म्हणून आधी आगीची इतर कारणे शोधावीत; ब-१२ आणि साखर तपासावी. नस दाबली जाण्याचेही तसेच. हाताचे उदाहरण घ्या : सुजलेल्या मनगटात ती दाबली गेली, की अंगठा नि शेजारची बोटे रात्री बधिर होतात. तिथे 'ड'ची पुडी काय करणार?

आणि साठ हजार युनिटची ती पुडी सहसा आठवड्यातून एकदा, तीही डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे. रोज घेतली तर रक्तातले कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाचा त्रास ओढवू शकतो.