तिसऱ्यातून दुसऱ्यात : गिअरबॉक्समधल्या सोलेनॉइडची वेळ



विद्युतचुंबक शिकवताना आम्ही खिळ्याला तार गुंडाळून टाचण्या उचलून दाखवतो आणि दरवर्षी प्रश्न येतो, "सर, याचा उपयोग काय?" घंटी आणि क्रेन ही उत्तरे आता जुनी झाली. यंदाचे उदाहरण आपल्या एका माजी विद्यार्थ्याने पुरवले. तो अमेरिकेत असतो आणि सुटीच्या दिवशी एक जुना पिकअप ट्रक दुरुस्त करीत बसतो.

त्याने ट्रकला जनरल मोटर्सचा ४एल६०-ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. हा १९९३ पासून गाड्यांत येऊ लागला. नावातला 'ई' म्हणजे इलेक्ट्रॉनिक. गिअर कधी बदलायचा हे गाडीचा संगणक ठरवतो. जुन्या ट्रकात संगणक कुठला? म्हणून त्याने बाजारात वेगळा मिळणारा कंट्रोलर घेतला. असे कंट्रोलर तिकडे तयार मिळतात, आणि हौशी लोक स्वतः झाळकाम करूनही बनवतात.

गिअरबॉक्सच्या आत सोलेनॉइड असतात. सोलेनॉइड म्हणजे तारेचे वेटोळे आणि त्यात सरकणारा लोखंडी दांडा. (आमच्या जिभेवर अजून हिंदी पुस्तकातली 'कुंडली' आहे, पालकांनी हसू नये.) रोध साधारण २४ ओहम धरला तर १२ व्होल्टला अर्धा अँपिअर प्रवाह वाहतो. तेवढ्याने दांडा सरकतो, तेलाची वाट उघडते किंवा बंद होते, आणि तेलाच्या दाबाने क्लच पकडतो किंवा सुटतो.

गिअर निवडायला दोनच सोलेनॉइड आहेत, 'अ' आणि 'ब' म्हणू. पहिल्या गिअरला दोन्ही चालू. दुसऱ्याला अ बंद, ब चालू. तिसऱ्याला दोन्ही बंद. चौथ्याला अ चालू, ब बंद. ही मांडणी कागदावर लिहून बघा. शेजारच्या गिअरमध्ये जाताना दर वेळी एकच सोलेनॉइड बदलतो, दोघांना एकदम बदलावे लागत नाही. शिवाय तार तुटली तर दोन्ही बंद, म्हणजे तिसरा गिअर. गाडी रडतखडत का होईना, घरी पोहोचते. ज्याने हे योजले त्याची आम्हाला फार मौज वाटते.

आता अडचणीची जागा. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना एक क्लच सुटायला हवा आणि एका ड्रमला वेढलेला पोलादी पट्टा आवळायला हवा. पट्टा लवकर आवळला तर दोघे एकमेकांशी झुंजतात आणि गाडीला हिसका बसतो. उशिरा आवळला तर मधल्या क्षणी इंजिनाला कुणीच धरलेले नसते आणि ते उगाच किंचाळते.

मग ठरावीक वेळ का ठेवू नये? हिशोब करू. तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.००, दुसऱ्याचे १.६३. गाडीचा वेग तोच राहिला तर मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनाला २४४५ वर जावे लागते, म्हणजे ९४५ फेऱ्यांची वाढ. ३००० वर असेल तर ४८९०, वाढ १८९०. दुप्पट चढायला वेळही जास्त लागणार, म्हणून वेग जास्त असताना पट्टा थोडा थांबून आवळला पाहिजे. यासाठीच तिथे एक वेगळा सोलेनॉइड आहे. गिअर तो निवडत नाही, सुटणे आणि धरणे यांची फक्त वेळ सांभाळतो.

आपल्या विद्यार्थ्याची चूक इथेच झाली. सुरुवातीच्या सालातल्या गिअरबॉक्समध्ये हा सोलेनॉइड सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद करून चालवतात. चालू राहण्याचा वाटा कमी-जास्त केला की वेळ बदलते. पुढच्या सालांत त्याजागी साधा चालू-बंद प्रकार आला. गिअरबॉक्स होता सुरुवातीचा, आणि कंट्रोलरमध्ये त्याने निवडला होता नंतरचा प्रकार. पेट्या बाहेरून सारख्याच! दोन महिने दर उतरत्या गिअरला इंजिन ओरडत होते आणि तो तेल बदलत बसला होता. शेवटी खोलले तेव्हा पट्टा जळून काळा पडला होता. नवा पट्टा घातला, कंट्रोलरमधली एक ओळ बदलली आणि आवाज थांबला. पैसे किती गेले हे त्याने लिहिले नाही, आम्हीही विचारले नाही.

नववी-दहावीच्या मुलांसाठी गृहपाठ. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.०६, चौथ्याचे ०.७०. गाडी चौथ्यात आहे, इंजिन २००० फेऱ्यांवर, आणि कंट्रोलरला सरळ दुसऱ्यात यायचे आहे. वरच्या मांडणीप्रमाणे आता दोन्ही सोलेनॉइड बदलावे लागतील. आधी 'ब' चालू केला तर कागदावर मधल्या क्षणी कोणता गिअर येतो? इंजिनाला किती फेरे घ्यावे लागतील? आणि आधी 'अ' बंद केला तर? आकडेमोड वहीत करून सोमवारी प्रयोगशाळेत आणावी.